चार वर्षांचा बुधिया आणि आपल्या वस्तीतल्या शर्यती

जयंतीच्या दिवसांत वस्तीवस्तीत मुलांच्या धावण्याच्या स्पर्धा होतात. फार चांगली गोष्ट आहे. मैदान नसेल तर रस्त्यावर चुन्याची रेघ मारून का होईना, मुलं पळतात, मुलीही पळतात. पण अलीकडे काही पत्रकांवर 'बाल मॅरेथॉन, 5 किलोमीटर' असं छापलेलं दिसतं आणि वयाची अट कुठेच नसते. म्हणून या वेळी आम्ही एका मुलाची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट ओडिशातली आहे, पण वस्ती आपल्यासारखीच.

बुधिया सिंग 2002 साली जन्मला, भुवनेश्वरच्या सालिया साही झोपडपट्टीत वाढला. वडील वारले आणि आईने त्याला 800 रुपयांना एका फेरीवाल्याला देऊन टाकलं. पुढे वस्तीतले ज्युडो प्रशिक्षक बिरंची दास यांनी त्याला आपल्याकडे आणलं. एकदा शिवी दिली म्हणून त्यांनी त्याला पळण्याची शिक्षा केली. काही तासांनी येऊन पाहतात तर पोरगं अजून पळतच होतं, असं दास सांगत. तिथून सराव सुरू झाला. 2 मे 2006 रोजी, भर उन्हाळ्यात, चार वर्षांच्या बुधियाला पुरीहून भुवनेश्वरकडे पळवलं. ठरवलं होतं 70 किलोमीटर. 65 किलोमीटरला तो कोसळला. सात तास दोन मिनिटं पळाला होता. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते.

नंतर सरकारी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मूल कुपोषित निघालं, अंगात रक्त कमी, हृदयावर ताण. सरकारने त्याच्या लांब धावण्यावर बंदी घातली. 2007 मध्ये त्याला सरकारी क्रीडा वसतिगृहात ठेवलं. 2008 मध्ये दास यांचा खून झाला. 2016 मध्ये बुधियावर हिंदी सिनेमाही आला. मात्र ज्या ऑलिम्पिकच्या नावाने त्याला पळवलं, तिथे तो पोहोचला नाही.

आम्ही त्या आईला नावं ठेवणार नाही. 800 रुपयांसाठी मूल देणाऱ्या बाईच्या घरात त्या दिवशी काय होतं, ते वस्तीतल्या बायकांना सांगायला नको. दास यांनी मुलाला पोटभर जेवण आणि झोपायला जागा दिली, हेही खरं. पण जो आपल्याला जेवू घालतो त्याला चार वर्षांचं मूल 'आता पुरे' म्हणू शकतं का? आमच्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. मोठ्यांचा चेहरा आनंदी दिसतोय तोवर लहान मूल पळत राहतं. पोटात कळ आली, घसा कोरडा पडला, पाय थरथरले, तरी ते बोलत नाही. म्हणून थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांची.

मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाचं लहान माप नव्हे. पळताना वजनाच्या मानाने त्याच्या अंगात उष्णता जास्त तयार होते आणि घाम कमी येतो. त्यामुळे उन्हात ते लवकर तापतं. हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते, ती मऊ असते. साधारण 8 ते 15 या वयात रोज डांबरी रस्त्यावर पळवलं की टाच दुखते किंवा गुडघ्याखाली गाठ येऊन दुखते. आपण तेल चोळतो आणि पुन्हा पळायला पाठवतो. तेल चोळायला हरकत नाही, पण दुखणं जाईपर्यंत पळणं बंद हवं. लंगडणाऱ्या मुलाला पळवायचं नाही, यात तडजोड नको. शालेय स्पर्धांत 14 वर्षांखालच्या गटाला सर्वांत लांबची शर्यत 600 मीटरची असते. मुंबई मॅरेथॉनची 42 किलोमीटरची शर्यत पळायला 18 वर्षं पूर्ण लागतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊत यांनी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. लांब पळण्याचं वय पुढे असतं, घाई कशाला?

सराव सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. 5 ते 11 वर्षांच्या मुलांत ते 11.5 च्या खाली असेल आणि 12 ते 14 वर्षांच्या मुलांत 12 च्या खाली, तर रक्त कमी आहे असं समजायचं. एका वस्तीत आम्ही पाहिलं, वडील मुलीला पहाटे नुसत्या चहावर मैदानाला फेऱ्या मारायला लावत. ती मागे पडली की 'आळशी' म्हणत. तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! ती आळशी नव्हती, रक्तच नव्हतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलं फेकून देतात, ती जेवणानंतर समोर बसवून द्या. जंताची गोळी चुकवू नका. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडं, जमेल तेव्हा कलेजी, वर लिंबू पिळून. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. मुलीला पाळी आली म्हणून सराव बंद करायचं कारण नाही. दुखत असेल तर तिला विश्रांती द्या आणि रक्तस्राव जास्त असेल तर दाखवा.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात त्याची तपासणी मोफत होते, ती एकदा करून घ्याच. मूल फक्त वाहक असेल तर ते खेळू शकतं, त्याला घरी बसवू नका. मात्र सराव हळूहळू वाढवा, पाणी भरपूर द्या, उन्हात एकदम जीव तोडून पळवू नका. पळताना पाय लुळे पडल्यासारखे झाले, धाप लागली, तर 'थोडंच राहिलंय' म्हणायचं नाही, तिथेच बसवायचं. मूल सिकलसेलग्रस्त असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीत उतरवू नका. पाणी कमी पडलं आणि अंगावर ताण आला की त्याला वेदनेचा झटका येऊ शकतो.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना विनंती. एप्रिलच्या उन्हात शर्यत सकाळी लवकर उरका. पाहुणे यायचे आहेत म्हणून मुलांना दहा वाजेपर्यंत रांगेत उभं करू नका. पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं द्या, झेंडा कुणीही दाखवू शकतं. आठ वर्षांखालच्या मुलांना 50 मीटर पुरे. दोन-तीन तास आधी त्यांनी थोडी भाकरी-भाजी खाल्लेली असावी. शर्यत संपते तिथे पाणी ठेवा, सावली ठेवा. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवलं तरी चालेल. एखादं मूल अंग तापून बरळायला लागलं, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि शर्यतीच्या दिवशी वस्तीतली एक आशाताई किंवा सिस्टर शेवटच्या मुलाच्या मागे सायकलवर राहील, अशी सोय करा.