छपरींतील यंत्रकामासाठीं चाकांचें स्टूल व सरकती फळी

ज्या घरीं ट्रॅक्टर आला त्या घरीं एक लहानसा कारखानाही आला, हें लक्षांत येण्यास बहुधा पहिला पावसाळा लागतो. तेल बदलणें, जागोजाग ग्रीस भरणें, पुढील चाकांचे बेअरिंग पाहणें, डिझेलची गाळणी बदलणें, ट्रॉलीच्या पाट्यांचे नट आवळणें, हीं कामें दर वेळीं मिस्त्रीवर सोडतां येत नाहींत. आणि पेरणीच्या ऐन दिवसांत मिस्त्री हाताशीं असेलच असेंही नाहीं. तेव्हां घरच्या छपरींतच हीं कामें उरकावीं लागतात. तीं आपण उरकतों कशीं? उकिडवें बसून, एका गुडघ्यावर रेलून, किंवा भुईवर गोणपाट टाकून त्यावरून पाठ घासत. तरुणपणीं हें खपून जातें. पुढें मात्र एक दिवस काम संपवून उठतांना ट्रॅक्टरचें चाक धरावें लागतें, आणि मग या विषयाचा विचार सुचतो.

या कामीं दोन वस्तू उपयोगी पडतात. एक चाकांचें बुटकें स्टूल. त्यावर बसूनच एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरकतां येतें. दुसरी चाकांची सरकती फळी, जिला कारखान्यांतील लोक क्रीपर म्हणतात. तिच्यावर उताणें पडून, टांचांनीं भुई रेटीत यंत्राखालीं जातां येतें. हत्यारांच्या मोठ्या दुकानांत दोन्ही तयार मिळतात आणि गांवचा सुतार व वेल्डिंगवाला मिळून त्या करूनही देऊं शकतात. उकिडवें बसण्याची ज्यास संवय आहे व ज्याचे गुडघे शाबूत आहेत, त्यानें दहा मिनिटांच्या कामासाठीं स्टूल घेण्याचें कारण नाहीं, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों. ज्यास तासभर एका जागीं दोन्ही हात गुंतवून काम करावें लागतें, त्याच्यासाठीं हा लेख आहे.

खरेदी करतांना बहुतेकजण आधीं गादी दाबून पाहतात. आम्हींही तसेंच केलें होतें. गुबगुबीत रेग्झिनची एक फळी आम्ही घरीं आणली, तिच्यावर पडलों, टांचेनें रेटा दिला, आणि फळी जागच्या जागीं थांबून आम्ही तेवढे पुढें घसरलों. चाकाखालीं तुरीचा एक दाणा आला होता. त्या दिवसापासून आमचें मत असें झालें आहे कीं, या वस्तूची निवड खालून वर करावी. म्हणजे प्रथम भुई, मग चाकें, मग उंची आणि सर्वांत शेवटीं गादी.

भुई चार प्रकारची असते. गुळगुळीत कोबा असल्यास कोणतीही बरी चाकें चालतात. शहाबादी फरशी असल्यास तिच्या सांध्यांकडे पाहावें. सांधे भरलेले नसतील तर लहान चाक त्यांत नेमकें जाऊन बसतें. खडबडीत कोबा व मुरूम यांवर लहान चाकें निरुपयोगी ठरतात. सारवलेल्या किंवा नुसत्या मातीच्या भुईवर तर कोणतेंच चाक धड चालत नाहीं. तेथें फळीपेक्षां गोणपाटच बरें. फळी वापरावयाचीच असेल तर जाड प्लायवुडचे दोन तक्ते जोडून भुईवर अंथरावे. ज्यास नवी छपरी बांधावयाची आहे त्यानें निदान एका ट्रॅक्टरच्या लांबीरुंदीपुरता तरी कोबा घोटून घ्यावा.

चाकाचा व्यास हा या विषयाचा गाभा होय. बैलगाडीचें चाक मोठें कां, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. तोच न्याय येथें लागतो. पाव इंच उंचीचा खडा चढून जाण्यास दोन इंच व्यासाच्या चाकाला, त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या जवळजवळ नऊ-दशांश इतका आडवा रेटा लागतो. चार इंची चाकाला निम्म्या भाराहून किंचित् अधिक रेटा पुरतो. उताण्या पडलेल्या माणसाच्या टांचेंत फारसें बळ नसतें, म्हणून हा फरक मोठा आहे. घोटीव कोब्यावर दोन इंची चाकें चालतील. सांध्यांच्या फरशीवर तीन इंचांहून लहान घेऊं नयेत.

परंतु चाक मोठें केलें कीं फळी उंच होते, आणि येथेंच खरी अडचण आहे. आपण ज्या यंत्राखालीं जाणार तेथें जागा किती आहे, हें मोजल्यावांचून फळी घेणें म्हणजे पायाचें माप न देतां जोडा घेणें होय. मोजण्याची रीत सोपी आहे. भुईवर उताणें पडावें, आणि दुसऱ्याकडून भुईपासून छातीच्या सर्वांत उंच भागापर्यंतचें अंतर मोजून घ्यावें. पोट छातीहून वर येत असल्यास, भीड न धरतां, पोटाचें घ्यावें. त्यांत फळीच्या पृष्ठभागाची भुईपासूनची उंची मिळवावी आणि वर एक वीत सोडावी, कारण कोपर वांकल्याशिवाय पाना फिरत नाहीं. ही बेरीज यंत्राखालील मोकळ्या जागेहून कमी असली पाहिजे. अंग दहा इंच, फळी तीन इंच व वीत नऊ इंच धरली तर बावीस इंच होतात. ट्रॅक्टरच्या सर्वांत सखल भागाखालीं एवढी जागा सहसा नसते. मात्र त्याच्या दोहों बाजूंस व ट्रॉलीच्या साट्याखालीं ती पुष्कळदां मिळते. जीपगाडी किंवा मोटार असेल तर ती उचलल्यावांचून फळीचा कांहींच उपयोग नाहीं.

मोठें चाक व सखल फळी हीं दोन्ही साधण्याची युक्ति अशी कीं, चाकें फळीच्या पोटाखालीं न बसवितां फळीच्या बाहेर, लोखंडी पट्टीचे कान काढून त्यांखालीं बसवावीं, म्हणजे फळी चाकांच्या मधोमध झोळीसारखी सखल राहते. अशा फळीचा पृष्ठभाग, तीन इंची चाकें असूनही, भुईपासून दीड-दोन इंचांवर ठेवतां येतो. फळी घरीं करवून घ्यावयाची असल्यास हीच रचना करावी. लांबी डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत, म्हणजे सुमारें तीन ते साडेतीन फूट पुरे. पाय भुईवरच राहावयाचे असतात. रुंदी दीड फुटाहून अधिक नको, नाहीं तर कोपरें फळीला अडतात. पाऊण इंच जाडीचें प्लायवुड घ्यावें, डोक्याकडे थोडी उशी करावी आणि खिळ्यांऐवजीं स्क्रू वापरून त्यांचीं डोकीं लांकडांत बुडवावीं. वर आलेला खिळा पाठीस लागतोच लागतो.

चाक कशाचें असावें? साध्या रबराचें चाक सुरुवातीस मऊ व बिनआवाज चालतें, पण डिझेल व तेल यांनीं तें फुगतें आणि मऊ होऊन झिजतें. ज्या छपरींत रोज तेल सांडतें तेथें तें नको. नायलॉनच्या चाकाला तेल बाधत नाहीं व तें हलकें चालतें, मात्र तें कडक असल्यामुळें खड्यावर उडतें व आवाज करतें. बाजारांत ज्यास पीयू म्हणतात त्या पॉलियुरेथेनच्या चाकांत या दोहोंचा मध्य साधतो. थोडे पैसे अधिक पडले तरी आम्ही हींच घेऊं. लोखंडी चाक कोबा खरवडतें.

भाराविषयीं एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीं. तिवई कोठेंही ठेवली तरी डुगडुगत नाहीं, आणि चार पायांचें स्टूल डुगडुगतें. कारण भुई अगदीं सपाट नसली कीं चौथा पाय अधांतरीं राहतो. चाकांचेंही तसेंच होतें. म्हणून चार चाकें असलीं तरी सगळा भार तिघांवरच येतो असें धरून चालावें. माणूस पंचाहत्तर किलोंचा आणि हत्यारें पंधरा किलोंचीं असलीं तर प्रत्येक चाक निदान तीस किलोंचें हवें. बसतांना धसका बसतो तो धरून चाळीस-पन्नास किलोंचें घ्यावें.

स्टुलाला पांच चाकें असावींत. चार चाकांचें स्टूल बाजूस वांकतांना कलंडण्याचा संभव अधिक असतो, आणि आपण तर पाना घेण्यासाठीं सारखे बाजूसच वांकत असतों. बैठकीची उंची चौदा-पंधरा इंच असली म्हणजे पुढील चाकाचें काम छातीसमोर येतें. उंची कमीजास्त करण्याची सोय हवी असल्यास आट्यांच्या दांड्याची घ्यावी. वायूच्या नळीवर वरखालीं होणारीं स्टुलें आमच्याकडील धुळींत फार टिकत नाहींत असा अनुभव आहे. खालीं नट ठेवण्यासाठीं थाळी असली तर चांगलेंच. दुमडून स्टूल होणारी व उलगडून फळी होणारीही एक वस्तु मिळते. जागा थोडी असल्यास ती घ्यावी. मात्र तिची बिजागरी व खीळ वरचेवर तपासावी लागते, आणि ती नुसत्या फळीहून थोडी उंचच असते.

गादीविषयीं एवढेंच कीं, जेथें वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तेथें रेग्झिन व स्पंज नको.

आतां जें सांगावयाचें तें या वस्तूंच्या दोषाविषयीं आहे, आणि तो दोष म्हणजे त्यांचा गुणच होय. चाकांवर बसलेल्या माणसाला कशाचाही आधार नसतो. पान्यावर जोर केला कीं नट हलण्याऐवजीं माणूस मागें जातो. म्हणून मागील चाकाचे मोठे नट स्टुलावर बसून कधींही काढूं नयेत. उभें राहून, पाय रोवून काढावे. दोन चाकांना तरी खटका दाबून अडविण्याची सोय असावी, पण तिच्या भरंवशावर जोर करूं नये.

आमच्याच छपरींत एकदां रिकामी ट्रॉली एका बाजूनें जॅकवर उचललेली होती. आम्ही फळीवरून आंत गेलों, पाना लावून जोर केला. फळी सरकली, पाय जॅकला लागला आणि जॅक कलला. ट्रॉली चार बोटें खालीं आली व थांबली. आमच्या गड्यानें, आम्हीं न सांगतां, आंसाखालीं बाभळीचा ओंडका आडवा घालून ठेवला होता. आम्ही आंत जातांना तो ओंडका वाटेंत येतो म्हणून त्याच्यावर कुरकुरलों होतों.

जॅक हा उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. फळी खालीं घालण्यापूर्वीं यंत्र कोब्यासारख्या टणक भुईवर उभें करावें, जीं चाकें भुईवर आहेत त्यांच्या पुढेंमागें दगड लावावे, यंत्र उचलून दोन भक्कम लोखंडी घोड्यांवर किंवा जाड लांकडी ठोकळ्यांच्या चौकटीवर टेकवावें, आणि हातानें हलवून पाहावें. विटा घालूं नयेत. वीट एकाएकीं फुटते. मातीची भुई असेल तर जॅकखालीं रुंद फळी द्यावी. ट्रॉलीचा साटा वर उचललेला असेल तर त्याला आडदांडा लावल्याशिवाय त्याखालीं डोकेंही नेऊं नये. इंजिन चालू असतां तर फळीवरून आंत जाणें नाहींच. ट्रॅक्टरच्या पाठचा दांडा मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा किंवा उपरण्याचें टोक त्यांत गेल्यावर सोडविण्यास वेळ उरत नाहीं, आणि चाकांच्या फळीवर पाय रोवून मागें ओढून घेण्यास जागाही नसते. काम मोठें असेल तेव्हां एक माणूस बाहेर उभा असावा. फळीचा एक फायदा असा कीं, त्याला पाय धरून आपल्याला एका हिसक्यांत बाहेर ओढतां येतें.

तेल सोडतांना डबा आधीं सरकवावा, तोंड बाजूस ठेवावें व डोळ्यांवर चष्मा असावा. गरम तेल कोणत्या बाजूस उडेल याचा नेम नसतो.

काम झाल्यावर फळी भुईवर पडूं देऊं नये. तिच्यावर नकळत पाय पडला तर माणूस उताणा आपटतो, आणि अंधाऱ्या छपरींत ती दिसतही नाहीं. चाकांत अडकलेले केस व सुतळ्या काढून, तेल पुसून, ती भिंतीस उभी टांगावी. आमच्या घरीं ती उंच खुंटीवर असते; तरीही दिवाळीच्या सुटींत मुलांची गाडी होऊन ती दोन वेळां अंगणांत सांपडली.