नामिबचा वाळूसाप

मुलांनो, दप्तरातली 30 सेंटीमीटरची पट्टी हातात घ्या. पूर्ण वाढ झाली तरी बहुधा या पट्टीहून आखूडच राहणारा एक विषारी साप आहे. आज आपण त्याची माहिती घेऊ.

नकाशात आपल्या मॉरिशसच्या पश्चिमेला आफ्रिका खंड शोधा. त्याच्या पलीकडच्या, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर नामिब नावाचे वाळवंट आहे. हा साप तेथे राहतो. शास्त्रज्ञांनी 1888 साली त्याची प्रथम नोंद केली व पेरिंगे या कीटकशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले.

नामिबच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षभरात 20 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. नदी नाही, तळे नाही. दुपारी वाळू तर 60 अंश सेल्सिअसच्याही वर तापते. मग हा साप तेथे जगतो कसा?

प्रथम त्याची चाल पाहा. तो इतर सापांसारखा पुढे सरपटत नाही. अंगाला वळणे देत तो तिरका सरकतो. त्या वेळी त्याचे थोडेच अंग वाळूला टेकते. त्यामुळे भाजत नाही आणि घसरतही नाही. तो गेला, की वाळूवर एकापुढे एक तिरक्या रेघा उमटतात.

ऊन वाढले, की तो अंग हलवत हलवत वाळूत बुडी मारतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला नसून वर असतात. म्हणून सारे अंग वाळूत लपले, तरी त्याला बाहेरचे दिसते. कधी कधी तो शेपटीचे टोक तेवढे बाहेर काढून हलवतो. सरड्याला वाटते, किडा वळवळतो आहे! सरडा जवळ येतो आणि सापाच्या तोंडी सापडतो. सरड्याच्या अंगात पुष्कळ पाणी असते. म्हणजे सापाला जेवणातूनच पाणी मिळते.

पाणी मिळवण्याची त्याची दुसरी युक्ती तर फारच गमतीची आहे. नामिबजवळचा समुद्र थंड असतो. त्यामुळे तेथे दाट धुके तयार होते आणि वाऱ्याबरोबर वाळवंटात शिरते. तेव्हा साप आपले अंग चपटे करतो. धुक्याचे थेंब त्याच्या खवल्यांवर जमतात. ते थेंब तो पिऊन टाकतो. त्याचे अंग हेच त्याचे भांडे!

ही मादी अंडी घालत नाही. ती एका वेळी तीन ते दहा जिवंत पिल्लांना जन्म देते.

आपले पूर्वज ज्या कोकणातून आले, तेथे फुरसे नावाचा छोटा विषारी साप आढळतो. फुरसे आणि वाळूसाप एकाच कुळातले आहेत. फुरसेही तिरके चालते.

वाळूसाप माणसाच्या पाठी लागत नाही. त्याचे विष भक्ष्य मारण्यासाठी आहे. पण चुकून पाय पडला, तर तो चावतो. चावल्यावर फार दुखते व सूज येते. फुरशाचे विष याहून कितीतरी घातक असते. आपल्या मॉरिशसमध्ये जमिनीवर राहणारे विषारी साप नाहीत. पण तुम्ही दुसऱ्या देशात गेलात आणि साप दिसला, तर लहान आहे म्हणून हात लावू नका. दगडही मारू नका. मागे सरा आणि मोठ्या माणसांना सांगा. साप चावलाच, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखान्यात जायला हवे.

आता सांगा पाहू : पाऊस नसतानाही वाळूसापाला कोणकोणत्या दोन मार्गांनी पाणी मिळते?