दुकानाच्या बिलिंगची व्हर्च्युअल मशीन एक्स्टर्नल ड्राइव्हवर कशी जपायची? – माझ्या २३ दिवसांच्या चुकीतून आलेला धडा

आजचा विषय जरा टेक्निकल वाटेल, पण घाबरू नका. मी बीबीए केलंय, कंप्युटर इंजिनिअरिंग नाही. मला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल.

आधी माझी फजिती सांगतो. आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. बिलिंग सॉफ्टवेअर जुनं, ते फक्त विंडोज ७ वर नीट चालतं. त्या विंडोजचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला. नवीन कंप्युटर घेतला तेव्हा रिपेअरवाल्या दादांनी त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकून आत जुनं विंडोज बसवून दिलं. काम मस्त सुरू झालं. मी दर आठवड्याला त्याची कॉपी डी ड्राइव्हवर टाकायचो आणि निवांत झोपायचो.

गेल्या नोव्हेंबरची ७ तारीख. सकाळी कंप्युटर सुरूच होईना. हार्डडिस्क गेली. आणि सी गेली तशी डी पण गेली, कारण दोन्ही एकाच डिस्कचे भाग! एकच तिजोरी, कप्पे दोन. नशिबाने १५ ऑक्टोबरला एक कॉपी सहज म्हणून बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली होती. म्हणजे मधले २३ दिवस गायब, तेही दिवाळीच्या सीझनमधले. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचं होतं.

बिलांच्या दुसऱ्या प्रती फाइलला होत्या, त्यावरून चार रात्री बसून एंट्र्या मारल्या. पण उधारीत जमा झालेल्या पैशांचे कागद कुठे होते? एक वायरमन म्हणाला, "शेठ, मी तर दिवाळीआधीच पैसे दिले." माझ्याकडे नोंद नाही, त्याच्याकडे पावती नाही. अण्णा म्हणाले, "जमा लिहून टाक. माणूस खोटा नाही, आपलं मशीन खोटं निघालं." असे अजून तिघं होते. पैसे गेले की नाही, मला आजही माहीत नाही. पण गिऱ्हाइकाला "तुम्ही खरंच दिले का?" असं विचारावं लागणं, हे नुकसान पैशात मोजता येत नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय?

कंप्युटरच्या आत चालणारा दुसरा कंप्युटर. गंमत अशी की हा आतला कंप्युटर म्हणजे शेवटी एक फोल्डर असतो. बहुतेक वेळा तो तुमच्या युजर फोल्डरमध्ये "व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स" या नावाने सापडतो. त्यात मशीनची सेटिंग असलेली छोटी व्हीबॉक्स फाइल आणि अख्खी हार्डडिस्क मावलेली मोठी व्हीडीआय फाइल असते. तो फोल्डर वाचला की विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, डेटा सगळं वाचलं.

तयारी: ड्राइव्ह कोणती आणि कशी?

१. साइज बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. माझं मशीन ४० जीबीचं आहे. मला सहा कॉप्या ठेवायच्या, म्हणजे २४० जीबी. म्हणून ५०० जीबीची ड्राइव्ह पुरते.

२. फॉरमॅट तपासा. ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवं. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे आधी लग्नाचे फोटो बाहेर काढा!

३. यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. साध्या हार्डडिस्कवर सेकंदाला १०० एमबी धरले तर ४० जीबीला सात मिनिटं लागतात. जुन्या यूएसबी २ वर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

पद्धत १: पूर्ण फोल्डर कॉपी (दर आठवड्याला)

१. आतलं बिलिंग सॉफ्टवेअर बंद करा. मग आतलं विंडोज नेहमीसारखं शट डाउन करा. खिडकीची फुली दाबून "सेव्ह स्टेट" करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या नावाखाली "पॉवर्ड ऑफ" दिसलं पाहिजे. चालू मशीनची कॉपी म्हणजे गल्ला मोजता मोजता कोणीतरी नोटा काढून नेण्यासारखं, हिशेब जुळणार नाही.

२. मशीनवर राइट क्लिक करून "शो इन एक्सप्लोरर" निवडा. फोल्डर समोर येईल.

३. अख्खा फोल्डर कॉपी करा, फक्त व्हीडीआय फाइल नको. तुम्ही स्नॅपशॉट घेतले असतील तर नंतरचे बदल स्नॅपशॉट्सच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात. ते राहिले तर जुनाच डेटा हाती येतो.

४. ड्राइव्हवर तारखेच्या नावाने फोल्डर करून त्यात पेस्ट करा. जुन्या कॉपीवर नवी चढवू नका.

५. दोन्हीकडची साइज आणि फाइलची संख्या जुळवा. मग "सेफली रिमूव्ह" करूनच वायर काढा.

आणखी एक गोष्ट. शेअर्ड फोल्डर वापरत असाल तर त्यातल्या फाइली आतल्या मशीनमध्ये नसतात, बाहेरच्या विंडोजमध्ये असतात. त्यांची कॉपी वेगळी घ्या.

पद्धत २: एक्स्पोर्ट (महिन्यातून एकदा)

फाइल मेनूमध्ये "एक्स्पोर्ट अप्लायन्स" आहे. सगळं मशीन एका ओव्हीए फाइलमध्ये बांधून मिळतं, आणि ही फाइल साधारणपणे मूळ फोल्डरपेक्षा लहान असते. दुसऱ्या कंप्युटरवर नेायला सोपी. पण यात फक्त आजची स्थिती येते, जुने स्नॅपशॉट येत नाहीत. सॉफ्टवेअरचं लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक ॲड्रेसशी बांधलेलं असेल, तर एक्स्पोर्ट आणि इम्पोर्ट दोन्ही वेळी सगळे मॅक ॲड्रेस सोबत ठेवण्याचा पर्याय निवडा.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. अपडेट बिघडलं तर मागे जायला तो उत्तम. डिस्कच गेली तर तोही तिच्यासोबत जातो.

उघडून न पाहिलेली कॉपी ही कॉपीच नाही

तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कंप्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स टाका. तिथली आवृत्ती तुमच्याइतकी किंवा त्याहून नवी असू द्या. फोल्डर आधी त्या कंप्युटरच्या डिस्कवर उतरवा, मग मशीन मेनूमधून "ॲड" करून व्हीबॉक्स फाइल निवडा. ओव्हीए असेल तर "इम्पोर्ट अप्लायन्स". सेटिंगमध्ये नेटवर्क बंद ठेवा आणि मशीन सुरू करा. शेवटचं बिल उघडून नंबर जुळतो का बघा. जुळला तरच बॅकअप झाला म्हणायचं.

माझं सध्याचं वेळापत्रक

- रोज रात्री: बिलिंग सॉफ्टवेअरचा स्वतःचा डेटा बॅकअप पेनड्राइव्हवर. २३ दिवसांचा खड्डा यानेच टळतो.
- दर रविवारी: पूर्ण फोल्डर. दोन ड्राइव्ह घेतल्यात, एकीला लाल स्टिकर, एकीला हिरवा. एक आठवडा ही, एक आठवडा ती.
- महिनाअखेर: ओव्हीए फाइल.
- ३१ मार्चची कॉपी: कधीच पुसायची नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात.

काम झालं की ड्राइव्ह कंप्युटरला लावून ठेवू नका. व्हायरसने फाइली लॉक केल्या तर लावलेली ड्राइव्हही लॉक होते. एक ड्राइव्ह दुकानात, एक घरी. आग, पाणी, चोरी दोन्हीकडे एकाच दिवशी येत नाही. चोरीची भीती असेल तर ड्राइव्हला बिटलॉकरने पासवर्ड लावा. त्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते. रिकव्हरी की कागदावर लिहून घरी कपाटात ठेवा. ती हरवली तर चोराइतकेच तुम्हीही बाहेर!

आजचा गृहपाठ

दुकान बंद करण्याआधी तीनच गोष्टी करा. फोल्डर कुठे आहे शोधा, त्याची साइज वहीत लिहा, आणि तुमची आत्ताची कॉपी त्याच डिस्कवर तर नाही ना, ते तपासा. असेल तर ड्राइव्ह आणायला उद्याची वाट बघू नका.

तो वायरमन अजूनही आमच्याकडूनच माल नेतो. आता पैसे जमा केले की मी पावती छापून त्याच्या हातात देतो, आणि तो हसून म्हणतो, "शेठ, आज रात्री पेनड्राइव्ह लावा बरं का!"