तारीख विचारत बसू नकोस, बायो

अगं, परवा फोनवर किती घाबरली होतीस! कुणी तरी मोबाइलवर युद्धं, भूकंप दाखवतो, जगाचा शेवट अमक्या महिन्यात म्हणतो, आणि तू रात्रभर जागी. तो दिवस, ती घटका कुणालाच ठाऊक नाही, हे खुद्द प्रभू येशूने सांगितलंय. मग त्या व्हिडिओवाल्याला ती कुठून कळली?

प्रभू येणार, हे मीही मानते. पण त्याची वाट बघत जगायचं कसं, हे शिकायला वरवंडहून लांब जायला नको. केडगाव शेजारीच आहे, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी पोरी आणल्या. त्यांचं जग तर संपलेलंच होतं! बाईंनी त्यांना आधी जेवू घातलं, मग वाचायला शिकवलं, विणकामाला, शेतीला, छापखान्यात लावलं. बाईंची लेक मनोरमाबाई अंध बायकांना ब्रेल शिकवायच्या. 1905 साली मुक्तीत आत्मिक संजीवन झालं, मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करायच्या. पण म्हणून एवढ्या पोरींचा स्वयंपाक कुणाला चुकला नाही.

उतारवयात बाई हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरवत राहिल्या. 1922 साली त्या गेल्या, ग्रंथ पुरा छापून निघाला 1924 साली. ज्यांना तो वाचायचा होता त्या बायकांवर प्रेम होतं, म्हणून एवढं वर्षानुवर्षं चालणारं काम त्यांनी हाती घेतलं. भीतीपोटी असलं काम होत नाही.

मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुन्हा वाच. न्यायाच्या दिवशी विचारपूस होणार ती भुकेल्याची, उघड्याची, आजाऱ्याची, तुरुंगातल्याची. तारीख बरोबर ओळखली का, हे तिथे कुणी विचारत नाही.

तेव्हा ते व्हिडिओ पुढे धाडू नकोस. सासूबाईंना आता अक्षर दिसत नाही ना? रोज संध्याकाळी एक अध्याय मोठ्याने वाच. ऊसतोडीच्या कोपीवरलं लेकरू तापाने फणफणलंय म्हणालीस, त्याला दवाखान्यात घेऊन जा. आणि पाण्याच्या पाळीवरून जावेशी धरलेला अबोला सोड. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करून ये, असं प्रभूने सांगितलंय. रविवारी उपासनेला निघण्याआधी तिच्या दारात जा. चूक कुणाची, ते काढू नकोस. ती बोलली नाही तरी तू बोल.