आधी टाच, मग साडी

काल सकाळी तू पलंगावरून उतरलीस आणि पहिली दोन पावलं भिंतीचा आधार घेऊन टाकलीस. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. तू लगेच सरळ झालीस, "काही नाही गं ताई, पाय आखडलाय" म्हणालीस आणि डबा भरायला लागलीस. हेच शब्द मी याच घरात अकरा वर्षांपूर्वी म्हणाले होते, आणि पुढचं दीड वर्ष तेच म्हणत राहिले. म्हणून आज तुला धरून बसवलंय. शाळेची तयारी नंतर कर, आधी पाय दाखव.

इथे, टाचेच्या आतल्या बाजूला दाबलं की कळ येते ना? तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. पावलाची कमान तो तोलून धरतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्याच पावलाला तो एकदम ताणला जातो. म्हणून उठल्या उठल्या सुरी खुपसल्यासारखं होतं, चार पावलांनी जरा बरं वाटतं आणि शाळा सुटेस्तोवर पुन्हा ठणका लागतो. डॉक्टर याला प्लँटार फॅसायटिस म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतील, "हाड वाढलंय." माझ्याही एक्स-रेत ते टोक दिसलं होतं आणि मी रात्रभर रडले होते. मग फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितलं की असं टोक कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या पायात असतं. त्या फोटोला घाबरू नकोस.

आता चपलेचं. तू मला विचारलंस की शाळेत शिकवताना घालायला कुठली घेऊ. पण त्याआधी सांग, घरात तू काय घालतेस? काहीच नाही. मीही घालत नव्हते. आजीच्या घरची सारवलेली जमीन पायाखाली जराशी दबायची. इथे जयपुरात, दुर्गापुऱ्यात घरात संगमरवर, जिन्यात कोटा फरशी आणि शाळेत पुन्हा कोटाच. राजस्थानचा हा दगड दिसायला देखणा असला तरी दुखऱ्या टाचेला त्यावर क्षणभर उसंत नाही. आईने आपल्याला शिकवलं की घरात चप्पल घालायची नाही. मला ते मोडायला फार जड गेलं. शेवटी मी घरात घालायची वेगळी जोडी घेतली, ती कधीच उंबऱ्याबाहेर नेत नाही आणि देवापाशी काढते. आईने दिवाळीला येऊन पाहिली, काही बोलली नाही, आणि जाताना तिच्या मापाची एक मागितली. तुझी जोडी पलंगाखाली ठेव. रात्री बाथरूमला जातानाही अनवाणी पाऊल टाकू नकोस.

शाळेच्या चपलेत मी पहिली चूक केली ती मऊपणाला भुलून. दुकानात पाय घातला की ढगावर उभं राहिल्यासारखं वाटायचं, अशा फोमच्या दोन जोड्या घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात फोम टाचेखाली बसला, पाऊल आतल्या बाजूला कलंडायला लागलं आणि दुखणं पोटरीपर्यंत चढलं. टाचेखाली मऊ हवंच, पण त्या मऊपणाला खालून घट्ट आधार हवा. चप्पल हातात घे आणि ओलं फडकं पिळतात तशी पीळ. सहज पिळली गेली तर परत ठेव. मग पुढून वाकव. बोटं वाकतात तिथेच, चवड्यापाशी वाकली पाहिजे. मधोमध घडी पडली तर ती तुझ्या कमानीला काय सांभाळणार! टाच चवड्यापेक्षा एखाद सेंटिमीटर उंच असू दे, म्हणजे पट्ट्यावर आणि पोटरीवर ताण कमी येतो. अगदी सपाट नको आणि उंच टाचेची तर नकोच.

यात आपल्या दोन्ही लाडक्या गोष्टी बाद होतात, हे मला कळतं. कोल्हापुरी सपाट आणि कडक, शिवाय मागे मोकळी, त्यामुळे ती पायात राहावी म्हणून बोटं सारखी आवळून धरावी लागतात. नेहरू बाजारातली मोजडीही तशीच सपाट. जुन्या पद्धतीच्या मोजडीत तर डावं-उजवं नसतं, घालून घालून ती पायाचा आकार घेते. लग्नाला दोन तास घाल, मी अडवणार नाही. आठ तासिका उभं राहायला नको.

मग बूट घालावेत का? सगळे डॉक्टर तेच सांगतात आणि चुकीचं सांगत नाहीत. पण तू दिवसातून किती वेळा पादत्राणं काढतेस ते मोज. प्रार्थनेच्या सभागृहाबाहेर, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर, येताना वाटेतल्या देवळात, घरमालकीणबाईंकडे. साडी सावरत दर वेळी लेस कोण बांधणार? मी बूट घेतले होते, आठ दिवसांत मागची कड दाबून चप्पल केली त्यांची.

इथे मला आपल्या या जयपूरचीच एक गोष्ट आठवते. आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर, मालवीय नगरला, जयपूर फूट हा कृत्रिम पाय मोफत बसवून देणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती आहे. 1975 पासून तिचं काम चालू आहे. तो पाय त्याआधी, 1968 च्या सुमाराला सवाई मानसिंग रुग्णालयात घडला. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा, या दोघांनी मिळून घडवला. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेले असत. आपला माणूस अनवाणी शेतात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, त्याला तो पाय घरी नेऊन कोपऱ्यातच ठेवावा लागे. या दोघांनी आधी माणसाचा दिवस पाहिला आणि मग पाय केला. त्या पायाच्या टाचेत स्पंजासारखं सूक्ष्मछिद्री रबर असतं, ते दबतं आणि पुन्हा उभं राहतं. बधिर पावलांच्या कुष्ठरुग्णांसाठी आणि मधुमेहींसाठी ज्या एमसीआर चपला करतात, त्यातही हेच रबर. मी समितीत एकदा ओळखीच्या काकांना घेऊन गेले होते. तिथल्या बाकावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की आपणही चप्पल दिवसाकडे बघून निवडायला हवी होती.

तर तुझ्या दिवसाला मागे पट्टा असलेली सँडल हवी. टाचेभोवती कड थोडी वर आलेली, खोलगट वाटीसारखी, म्हणजे टाचेखालची नैसर्गिक गादी पसरत नाही. पट्टा वेल्क्रोचा, एका हाताने निघणारा. सुखतळा काढता येत असेल तर फारच चांगलं, पुढे डॉक्टरांनी वेगळा दिला तर बसवता येतो. रुंदीकडे नीट बघ. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभर लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पावलं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. आणि दुकानातली मापं अजून बहुतेक तिकडचीच. म्हणून आपण रुंदीसाठी एक नंबर मोठी घेतो, मग टाच आत सरकत राहते. वर्तमानपत्रावर उभी राहा, मी पेन्सिलने पाऊल आखते. तो कागद कापून चपलेत घालायचा. कडा दुमडल्या की ती जोडी तुझी नव्हे. "घालून घालून सैल होईल" असं दुकानदार म्हणाला तरी मान हलवू नकोस.

आणि साडीला शोभते का, हा प्रश्न शेवटी. मी तपकिरी आणि काळी अशा दोनच जोड्या वापरते, दिवसाआड. साडी नेसताना सँडल पायात घालून नेस, निऱ्यांची उंची बरोबर येते आणि सँडल अर्धी झाकली जाते.

नुसत्या चपलेने मात्र भागणार नाही. सकाळी पाय खाली सोडायच्या आधी पलंगावरच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घे, बोटं हाताने मागे ओढ, तळव्यातला पट्टा ताठ झालेला लागला पाहिजे. दहापर्यंत मोज, सोड, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसता पोटरीचा ताण देणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. मला दीड महिना काहीच फरक वाटला नव्हता. पुढे एके दिवशी चहा ठेवताना लक्षात आलं की मी भिंत न धरता ओट्यापर्यंत आले आहे.

वर्गात स्टूल माग. संकोचू नकोस. बसून शिकवणं म्हणजे आळस, असं कुणी ठरवलंय? कोझिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून लढा दिला, आणि 2018 मध्ये केरळने कायदा बदलला. तमिळनाडूने 2021 मध्ये. तुला तर फक्त मुख्याध्यापिकाबाईंना एक वाक्य बोलायचंय. हवं तर मी चिठ्ठी लिहून देते.

एक मात्र गंभीरपणे सांगते. टाच सुजली, बधिर झाली, झोपेतही दुखायला लागली, किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आणि दोन्ही टाचा आखडून राहिल्या, तर चपला बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं. आणि कुणी पहिल्याच भेटीत टाचेत इंजेक्शन घे म्हणालं तर त्याचे धोके विचारून घे, दुसरा सल्ला घे. मी तेव्हा कुणालाच काही विचारलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी जाऊ. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात आणि खरं माप तेव्हाच कळतं. तुझ्या जुन्या दोन्ही जोड्या पिशवीत घे, सोल कुठे झिजलाय ते मला बघायचंय. टोंक रोडपर्यंतही चालत नाही जायचं, खालूनच ई-रिक्षा करू. दुकानात घाई करायची नाही, घालून फरशीवर दहा मिनिटं फिरायचं. मी बसते बाकावर, तू फिर.