गणिताची वेगळी परीक्षा

शाळेतील वर्ग हा साऱ्या विद्यार्थ्यांचा असतो. चाळीस-पन्नास मुलांना बरोबर घेऊन चालावयाचे असल्यामुळे शिक्षकाला मध्यम गती पत्करावी लागते, आणि ते योग्यही आहे. परंतु बहुतेक वर्गांत एखादा विद्यार्थी असा असतो, की फळ्यावर उदाहरण लिहून होते न होते, तोच त्याच्या वहीत ते सुटलेले असते. उरलेला वेळ तो खिडकीबाहेर पाहण्यात घालवितो. त्याचे कौतुक होते, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. मात्र बुद्धीला झुंजावे लागेल असे त्याच्यासमोर काहीच येत नाही. जमीन कितीही कसदार असली, तरी तिला नांगर लागला नाही तर तिच्यात तणच माजते. बुद्धीचेही तसेच आहे.

अशा विद्यार्थ्यांना कसाला लावणारी एक योजना आपल्या देशात आहे. तिचे नाव गणित ऑलिंपियाड. १९५९ साली रुमानिया देशात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड प्रथम भरली. त्या वेळी तीत अवघी सात राष्ट्रे होती. आज शंभराहून अधिक राष्ट्रे आपले विद्यार्थी पाठवितात. भारतात १९८३ साली अणुऊर्जा विभागाने राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ स्थापन केले. या मंडळाने १९८६ पासून ऑलिंपियाडचे कार्य हाती घेतले आणि १९८९ साली भारताचा संघ प्रथमच या स्पर्धेत उतरला. पुढे १९९६ साली ही स्पर्धा आपल्या मुंबईतच भरली. मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे आज या साऱ्या कार्याचे मुख्य ठिकाण आहे.

नागपूरच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थ्याला या वाटेने जावयाचे असेल, तर त्याला प्रथम पात्रता परीक्षेसाठी आपले नाव नोंदवावे लागते. अर्ज भरण्याची मुदत दरवर्षी जाहीर होते. साधारणतः आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा देता येते. अलीकडच्या वर्षांत ती सप्टेंबराच्या सुमारास होते. तीत तीस प्रश्न असतात, वेळ तीन तासांचा असतो आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोन अंकांत द्यावयाचे असते. तीत निवडलेले विद्यार्थी प्रादेशिक ऑलिंपियाडला बसतात. तेथे तीन तासांत सहाच प्रश्न सोडवावयाचे असतात, आणि त्यांची उत्तरे सिद्धतेसह सविस्तर लिहावी लागतात. त्यातून निवडलेले विद्यार्थी राष्ट्रीय ऑलिंपियाडला जातात. तेथे यशस्वी होणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात प्रशिक्षण शिबिर भरते आणि शेवटी सहा जणांचा संघ देशाच्या वतीने परदेशी जातो. युरोपात मुलींसाठी भरणाऱ्या वेगळ्या ऑलिंपियाडमध्येही भारताच्या मुली भाग घेतात.

या परीक्षेत विचारतात तरी काय? नमुन्यादाखल एक छोटा प्रश्न पाहू. मनास येतील त्या कोणत्याही अकरा पूर्ण संख्या लिहिल्या, तर त्यांत निदान दोन तरी अशा असतातच, की त्यांची वजाबाकी दहाने निःशेष भागली जाते. हे का, ते सिद्ध करावयाचे आहे.

येथे कोणतेही सूत्र कामास येत नाही. नुसती वजाबाकी करीत बसले, तर संख्या बदलताच सारे श्रम वाया जातात. परंतु क्षणभर थांबून संख्यांच्या एककस्थानाकडे पाहिले, की गाठ सुटते. एककस्थानी शून्यापासून नवापर्यंत दहाच अंक येऊ शकतात. संख्या मात्र अकरा आहेत. तेव्हा किमान दोन संख्यांचा एककस्थानचा अंक एकच असला पाहिजे, आणि मोठीतून लहान वजा करताच त्या स्थानी शून्य उरले पाहिजे. एवढीच सिद्धता! ती समजावयास पाचवीचे गणित पुरते; ती सुचावयास मात्र विचार लागतो.

या परीक्षेविषयी लोकांत एक गैरसमज आहे. पुढच्या इयत्तांची पुस्तके आधीच संपविली, म्हणजे तिची तयारी झाली, असे अनेक पालकांना वाटते. म्हणून आठवीच्या मुलाला दहावीचे आणि दहावीच्या मुलाला बारावीचे गणित शिकविण्याची घाई होते. वास्तविक या परीक्षेचे विषय मोजकेच आहेत: संख्यांचे गुणधर्म, बीजगणित, भूमिती आणि मोजणीच्या युक्त्या. महाविद्यालयात शिकविले जाणारे कलनशास्त्र तीत लागतच नाही. विहिरीला पाणी लागावे म्हणून कोणी शेतभर वीतवीत खोलीचे खड्डे खणीत नाही. एकाच जागी खोल जावे लागते. वेगाने पुढे जाणे आणि खोल जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही परीक्षा दुसरीची आहे.

खोल जाण्याचे फळ काय असते, याचे एक उज्ज्वल उदाहरण नागपूरशीच निगडित आहे. ज्या १९५९ साली पहिली गणित ऑलिंपियाड भरली, त्याच वर्षी नागपुरात शिकलेल्या एका गणितज्ञाचे नाव जगभर गाजले. त्यांचे नाव शरदचंद्र शंकर श्रीखंडे. १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापनही केले. नंतर ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले आणि राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

त्यांनी जो प्रश्न हाताळला, तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा जुना होता. अठराव्या शतकातील थोर गणितज्ञ ऑयलर याने तो १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला होता. सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचा एकेक असे सहा अधिकारी बोलाविले. या छत्तीस अधिकाऱ्यांना चौकोनात सहा ओळींत असे उभे करावयाचे, की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एकच अधिकारी येईल. हे साधेल काय?

लहान संख्येवर हा खेळ कोणालाही करून पाहता येतो. तीन पलटणींना अ, ब, क म्हणू आणि तीन हुद्द्यांना १, २, ३ हे अंक देऊ. मग नऊ अधिकारी असे उभे राहतात:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

कोणतीही आडवी वा उभी ओळ तपासून पाहावी. तीत प्रत्येक अक्षर एकदाच आणि प्रत्येक अंकही एकदाच येतो. शिवाय कोणतीही जोडी पुन्हा आलेली नाही. मात्र दोन पलटणी आणि दोन हुद्दे घेतले, तर हे जमत नाही. पहिल्या कोपऱ्यात अ१ उभा केला, की त्याच्या आडव्या किंवा उभ्या ओळीत दुसरा अ येऊ शकत नाही. तो समोरच्या तिरक्या कोपऱ्यातच जावा लागतो. त्याच कारणाने दुसरा १ हा अंकही तेथेच जावा लागतो. म्हणजे तेथे पुन्हा अ१ च आला! तो अधिकारी तर एकच आहे. म्हणून दोनांची मांडणी अशक्य ठरते.

सहांची मांडणी ऑयलरला साधली नाही. त्यावरून त्याने अटकळ बांधली, की २, ६, १०, १४, १८ अशा, चाराने भागल्यास दोन बाकी उरणाऱ्या, कोणत्याही संख्येची मांडणी होऊ शकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तारी नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सहांची मांडणी खरोखरच अशक्य असल्याचे दाखविले. तेव्हा ऑयलरची अटकळ खरीच असणार, असा समज अधिक दृढ झाला. एवढ्या मोठ्या पुरुषाचे म्हणणे! परंतु गणितात मोठेपणा ही सिद्धता नव्हे. बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसांची मांडणी रचून दाखविली आणि पार्कर या अमेरिकन गणितज्ञाने दहांची. पुढे तिघांनी मिळून सिद्ध केले, की २ आणि ६ या दोन संख्या वगळल्यास ऑयलरची अटकळ सर्वत्र चुकीची आहे. एप्रिल १९५९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे यांचे वय तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते.

हा केवळ कोड्यांचा खेळ होता असेही नाही. असे चौकोन शेतीच्या प्रयोगांत उपयोगी पडतात. एकाच शेतात एका बाजूची माती अधिक सुपीक असू शकते. निरनिराळी बियाणी वा खते अशा चौकोनाप्रमाणे वाफ्यांत विभागली, तर प्रत्येकाला साऱ्या प्रकारच्या मातीचा सारखा वाटा मिळतो आणि तुलना न्याय्य होते. कापूस आणि संत्री पिकविणाऱ्या विदर्भाला या गणिताचे मोल निराळे सांगावयास नको.

श्रीखंडे यांनी पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुखपद भूषविले. सोळा बिंदूंची आणि प्रत्येक बिंदू इतर सहांशी जोडलेली एक आकृती त्यांच्या नावाने आजही ओळखली जाते. एकशे दोन वर्षांचे दीर्घायुष्य लाभून २१ एप्रिल २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

गणितात प्रत्येकाची चाल वेगळी असते. ऑस्ट्रेलियाच्या टेरेन्स टाओ याने वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, १९८८ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविले. इराणच्या मरियम मिर्झाखानी हिने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे सुवर्णपदके मिळविली. तरी ती स्वतःला सावकाश विचार करणारी म्हणवीत असे. पुढे दोघांनाही फील्ड्स पदकाचा मान मिळाला. २०१४ साली ते पदक मिळविणारी मरियम ही पहिली स्त्री होय. वेगवान असो वा सावकाश असो, प्रश्नापाशी टिकून राहणे हा गुण दोघांतही सारखाच होता.

अर्ज करण्यास धीर होत नसेल, तर रामानुजन यांचे स्मरण करावे. महाविद्यालयाची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नव्हती. मद्रास बंदराच्या कचेरीत ते कारकून होते. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी या प्राध्यापकाला एक पत्र लिहिले. त्या पत्राला कोणाची शिफारस नव्हती. होती ती फक्त स्वतः शोधलेल्या सूत्रांची पाने. हार्डीने ती पाने वाचून त्यांची योग्यता ओळखली. १९१४ साली रामानुजन इंग्लंडला गेले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ते पत्र लिहिलेच नसते तर? बुद्धी असूनही जो दार ठोठावीत नाही, त्याला आत कोणी बोलावीत नाही.

परंतु दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाला ते उघडतेच असेही नाही. अर्ज करणारे हजारो असतात आणि शेवटी निवडले जातात सहा. ज्याची निवड झाली नाही, त्याची बुद्धी उणी ठरली, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. एका दिवसाच्या तीन तासांत जे सुचले नाही, ते आठवड्याने सुचू शकते. आणि खऱ्या संशोधनाला तीन तासांची मर्यादा कोणी घालीत नाही. बोस आणि श्रीखंडे यांना कोणी घड्याळ लावून बसविले नव्हते. म्हणून पालकांनीही आपली हौस मुलांवर लादू नये. अर्जावर नाव विद्यार्थ्याचे असते. इच्छाही त्याचीच असली पाहिजे.

तयारी म्हणून महागडी साधने लागत नाहीत. एक कोरी वही घ्यावी. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील एकच प्रश्न तीत उतरावा. उत्तर पाहण्याची घाई न करता तो दोन दिवस, चार दिवस मनात घोळवावा. फसलेले प्रयत्न खोडू नयेत. कोणती वाट कोठे अडली, हे त्यांवरूनच कळते. शेवटी उत्तर सापडले, की ते असे लिहावे, की शेजारच्या बाकावरील मित्राला मध्ये काही न विचारता समजेल. ज्याला हे साधले, त्याला निवडीचे पत्र येवो अथवा न येवो, गणित त्याचे झाले.

अभ्यास

१. शाळेच्या नेहमीच्या परीक्षेत आणि प्रादेशिक गणित ऑलिंपियाडमध्ये कोणता फरक आहे?
२. ‘वेगाने पुढे जाणे’ आणि ‘खोल जाणे’ यांतील भेद लेखात कोणत्या दृष्टान्ताने स्पष्ट केला आहे? तुम्ही दुसरा दृष्टान्त द्या.
३. ‘गणितात मोठेपणा ही सिद्धता नव्हे.’ या वाक्याचे स्पष्टीकरण ऑयलरच्या अटकळीच्या आधारे करा.
४. तेरा विद्यार्थ्यांत निदान दोघांचा जन्म एकाच महिन्यात झालेला असतो. याची सिद्धता स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. अ, ब, क, ड ही चार अक्षरे आणि १, २, ३, ४ हे चार अंक घेऊन सोळा घरांची मांडणी करण्याचा प्रयत्न करा. फसलेले प्रयत्नही वहीत राहू द्या.
६. पुढील शब्द वाक्यांत योजा: अटकळ, निःशेष, कसाला लावणे, वाया जाणे.