विरोध केला त्यांचंच नाव मंडईला कसं?

प्रश्न : पुण्याची मंडई बांधायला महात्मा फुल्यांचा विरोध होता, असं ऐकलं. मग तिला त्यांचंच नाव कसं दिलं गेलं?

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. त्यावेळी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. त्याऐवजी दगडी बांधकामाची भव्य मंडई उभारायचं नगरपालिकेनं ठरवलं, तेव्हा फुल्यांनी विरोध केला. एवढा पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा विरोध शेतीबाजाराशी संबंध नसलेल्या माणसाचा नव्हता. फुल्यांचं घराणं फुलमाळ्यांचं, आणि ते स्वतः शेती करत, बांधकामाचे ठेकेही घेत. 1882मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सदस्य अशी. बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्याच निवेदनातली. म्हणजे भाजी पिकवणारा आणि विकणारा माणूस त्यांना आतून ठाऊक होता. त्या माणसाच्या पोराला शाळा आधी हवी, असं ते सांगत होते. मला हा विरोध आजही रास्त वाटतो.

फुल्यांचं ऐकलं गेलं नाही. वॉल्टर ड्युकाट यांचा आराखडा आणि वासुदेव बापूजी कानिटकरांचं बांधकाम यांतून मंडई उभी राहिली. 1886मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांनी तिचं उद्घाटन केलं, म्हणून नाव पडलं रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूबाजूंना फुटलेल्या कौलारू ओळी, त्यांत भाजीवाल्यांचे गाळे. इमारत फार देखणी आहे, हे मान्य करायलाच हवं. पुढे अनेक वर्षं नगरपालिकेचं कार्यालयही इथेच होतं.

नावाची गोष्ट त्यानंतरची. 1924मध्ये मंडईजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. पुढच्याच वर्षी केशवराव जेध्यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव नगरपालिकेत आणला. तो फेटाळला गेला, आणि ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद त्यावरून शहरात चांगलाच पेटला. ज्या गावात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्या गावाला त्यांचा पुतळा नको होता! 1930च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले. रे मार्केटचं नामकरण 'महात्मा फुले मंडई' असं झालं ते त्यांच्याच पुढाकारानं. (अत्र्यांची फुल्यांवरची श्रद्धा तेवढ्यापुरती नव्हती. 1954मध्ये त्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपटही काढला.)

नाव दिलं ते उचितच झालं. माळी, बागवान, शेतकरी, हमाल ज्या जागेवर पोट भरतात, त्या जागेवर फुल्यांइतका हक्क दुसऱ्या कोणाचा? मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. पण पुण्यातलं नाव त्यांच्या विरोधासकट सांगितलं तरच पुरतं कळतं. म्हणून महापालिकेला विनंती आहे : मंडईच्या नावाच्या पाटीजवळ आणखी एक पाटी लावा, आणि ही इमारत बांधण्याआधी शाळा मागणारा सदस्य कोण होता, ते तिच्यावर ठळक अक्षरांत लिहा.